बँकेने ताब्यात घेतलेल्या फ्लॅटची निगा आणि इस्टेट एजंटची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जाचे हप्ते थकतात, बँक दाराला सील लावते आणि लिलाव होईपर्यंत फ्लॅट बंद पडून राहतो. मुंबईत तेवढ्यात एखाददुसरा पावसाळा सहज निघून जातो. खालच्या घराच्या छताला ओल येते, सोसायटीची थकबाकी फुगते आणि सेक्रेटरी हाताशी असेल त्या नंबरावर फोन लावतात. तो नंबर बहुतेक वेळा फ्लॅट दाखवायला आलेल्या एजंटचा असतो. पुढची उत्तरे मुख्यतः एजंटांसाठी आहेत. सोसायटीच्या कमिटीला आणि लिलावात घर घेऊ पाहणाऱ्यालाही त्यातली बरीचशी उपयोगी पडतील.

बँकेचा फ्लॅट मी फक्त गिऱ्हाइकाला दाखवतो. त्याच्या देखभालीची जबाबदारी माझ्यावर येते का?

येत नाही. सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जापोटी बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा) २००२ चा, आणि त्याखालचे २००२ चेच सिक्युरिटी इंटरेस्ट (एन्फोर्समेंट) नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. नियम ८ च्या पोटनियम (३) प्रमाणे प्रत्यक्ष ताबा घेतलेली मालमत्ता प्राधिकृत अधिकाऱ्याच्या (बँकेने या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीच्या ताब्यात राहते, आणि सामान्य शहाणपणाचा मालक स्वतःच्या घराची जेवढी काळजी घेईल तेवढी त्या व्यक्तीने घ्यायची असते. पोटनियम (४) प्रमाणे मालमत्तेचे जतन, संरक्षण आणि गरज असेल तर विमा हे काम प्राधिकृत अधिकाऱ्याचे. बँकेचा माणूस दार उघडतो, तुम्ही गिऱ्हाईक आणता, पाहणी होते, तोच माणूस कुलूप लावतो. एवढ्यापुरते तुम्ही पाहुणे.

गोम आहे ती "त्याने नेमलेली व्यक्ती" या शब्दांत.

मग एजंट नेमका कधी अडकतो?

चावी खिशात आली की. बँकेचा अधिकारी शाखा सोडून दर वेळी येऊ शकत नाही, म्हणून म्हणतो, "चावी तुमच्याकडेच राहू द्या, अधूनमधून बघत जा." कागद काहीच नसतो. पुढे नुकसान झाले की प्रश्न विचारला जातो: फ्लॅट कोणाच्या हाती होता? वॉचमनच्या रजिस्टरमध्ये महिनाभर तुमच्याच नावाच्या सह्या असतात. त्यातच देखभालीपोटी दरमहा काही रक्कम घेत असाल, तर "मी नुसता दलाल आहे" हे म्हणणे टिकवणे अवघड होते. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम २१२ एजंटकडून त्या धंद्यात सर्वसाधारणपणे असणारे कौशल्य आणि वाजवी तत्परता मागते. हयगय झाली तर तिच्या थेट परिणामांची भरपाई मालकाला, म्हणजे इथे बँकेला, द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सरफेसीच्या कलम ३२ मध्ये सद्हेतूने केलेल्या कामाला संरक्षण आहे, पण ते बँक आणि तिचे अधिकारी यांच्यासाठी. तोंडी सांगण्यावरून चावी सांभाळणाऱ्याने त्या कलमावर विसंबू नये.

दारावर ताबा नोटीस चिकटली आहे, पण आत कुटुंब राहते आहे. आता निगा कोणाची?

राहणाऱ्यांचीच. हा प्रतीकात्मक, म्हणजेच सांकेतिक, ताबा झाला. नोटीस दारावर लागते, सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून येते (त्यातले एक स्थानिक भाषेतले), पण चावी कर्जदाराकडेच असते. नियम ८(३) मधली काळजीची जबाबदारी "प्रत्यक्ष ताबा" घेतल्यावरच सुरू होते. या टप्प्यावर एजंटने आत जाण्याचा, मोजमाप घेण्याचा किंवा "बँकेकडून आलोय" म्हणून बेल वाजवण्याचा उद्योग करू नये. वर्तमानपत्रातली नोटीस वाचताना ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष, हा एक शब्द आधी शोधा.

प्रत्यक्ष ताबा घेताना बँकेने मला हजर राहायला सांगितले आहे. काय बघावे?

सरफेसीच्या कलम १४ खालचा ताब्याचा मॅजिस्ट्रेटचा आदेश, कोर्ट कमिशनर किंवा संबंधित अधिकारी, आणि पोलीस बंदोबस्त असेल तरच जा. पंचनाम्यात तुमचे नाव कोणत्या नात्याने लिहिले जाते ते वाचूनच सही करा. "पंच", "मूल्यांकनासाठी उपस्थित" आणि "मालमत्ता यांच्या ताब्यात सोपवली" या तिन्हींचे परिणाम फार वेगळे आहेत. तिसरे वाक्य असेल तर त्या क्षणापासून नियम ८(३) मधली नेमलेली व्यक्ती तुम्ही.

त्या दिवसाचे फोटो हीच पुढे तुमची ढाल. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, खिडक्यांच्या चौकटी, न्हाणीघराची जमीन आणि बेसिनखालची जागा घ्या. वीज मीटर आणि पाइप गॅस असेल तर गॅस मीटरचे आकडे वाचता येतील असे टिपा. आधीपासून असलेली ओल, तडा, तुटलेली टाइल यांचे फोटो जवळून काढा. शक्य असेल तर खालच्या फ्लॅटच्या छताचाही एक फोटो त्यांच्या परवानगीने घ्या. सहा महिन्यांनी "हा डाग तुमच्या काळातला" असा वाद झाला की तोच फोटो कामाला येतो.

चावी घेणे टळत नसेल तर बँकेकडून कोणते पत्र घ्यावे?

बँकेच्या लेटरहेडवर, प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचे. शाखेतल्या ओळखीच्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरावा म्हणून अगदीच टाकाऊ नसतो, पण त्या माणसाला तो अधिकारच नव्हता असे बँकेने म्हटले की तुम्ही लटकता.

पत्रात चाव्या किती आणि कोणत्या, हे आकड्यात हवे. काम फक्त दाखवण्याचे की देखरेखीचेही, हे एका वाक्यात हवे. देखरेखीचे असेल तर किती दिवसांनी फेरी, फेरीचा अहवाल कोणाला आणि कसा, तातडीच्या खर्चाची मर्यादा किती (उदाहरणार्थ दहा हजार रुपये), त्यापुढच्या खर्चाला कोणाची मंजुरी, पैसे परत किती दिवसांत, हे सगळे लिहून घ्या. दाखवण्यापुरतेच काम असेल तर असे एक वाक्य पुरते: "सदर एजंटकडे चावी केवळ मालमत्ता दाखवण्यासाठी देण्यात येत असून मालमत्तेचा ताबा, जतन, दुरुस्ती व विमा यांची जबाबदारी प्राधिकृत अधिकाऱ्याकडेच राहील." यावर सही द्यायला बँक का-कू करू लागली, तर तिला तुमच्याकडून नेमके काय हवे आहे ते कळतेच.

पत्र मिळेपर्यंत चावी सोसायटीच्या ऑफिसात ठेवण्याचा मधला मार्ग लोक काढतात. त्याने फक्त अडकणारी माणसे वाढतात. चावी शाखेत राहू द्या, दाखवायच्या दिवशी सहीने घ्या आणि त्याच दिवशी सहीने परत करा.

बंद फ्लॅटमध्ये बिघडण्यासारखे असते तरी काय?

मुंबईत पुष्कळ. पहिला शत्रू पाणी. पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे अनेक घरांत पोटमाळ्यावर प्लास्टिकची टाकी असते. तिचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) अडकला आणि ओव्हरफ्लोचा पाइप चोंदलेला असला, तर पाणी थेट खोलीत. दुसरा प्रकार त्याहून साधा: ताबा घेतला त्या वेळी नळाला पाणी नव्हते, कोणीतरी नळ फिरवून बघितला आणि उघडाच सोडला. संध्याकाळी पाणी आले, बेसिनच्या जाळीत कचरा होता, आणि रात्रीत तीन मजल्यांच्या छतांना धार लागली.

मग नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग. त्यातले दोनेक इंच पाणी गटारातला वास आणि झुरळे अडवते. वापर थांबला की काही आठवड्यांत ते आटते. "फ्लॅटमधून मेल्यासारखा वास येतो" अशी शेजाऱ्यांची तक्रार आली की आधी ट्रॅप बघा. दर फेरीला प्रत्येक ट्रॅपमध्ये, कमोडमध्ये आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता. वरून चमचाभर खाद्यतेल सोडले तर पाणी हळू आटते.

याच्या उलट बाजूला डास. फ्लशची टाकी, बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, झाकण नसलेली पोटमाळ्यावरची टाकी ही डेंग्यूच्या डासाची आवडती ठिकाणे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून ताटल्या नुसत्या रिकाम्या करू नका, घासून पालथ्या घाला. फ्लशची टाकी रिकामी करून कमोडचे झाकण लावा.

पावसाळ्यात सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची बारीक भोके धुळीने बुजतात. पट्टी भरते, पाणी आतल्या भिंतीवर उतरते आणि दोन महिन्यांत बुरशी छतापर्यंत जाते. जूनच्या आधी टाचणीने किंवा बारीक तारेने ती भोके मोकळी करा. हे दहा मिनिटांचे काम रंगकामाचा मोठा खर्च वाचवते. पश्चिमेकडच्या खिडक्या आधी.

वाळवी लाकडी चौकटीच्या पायथ्याशी आणि किचनच्या ओट्याखाली शोधा. फ्रिज बंद असेल तर दार उघडे ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर तिची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या.

पहिल्याच दिवशी कोणत्या गोष्टी बंद कराव्यात?

पाण्याचे आतले सगळे व्हॉल्व्ह. किचन, न्हाणीघर आणि संडास यांच्या लाइनी बहुतेक इमारतींत वेगळ्या असतात, तेव्हा एक व्हॉल्व्ह फिरवून समाधान मानू नका. बंद केल्यावर प्रत्येक नळ उघडून बघा, धार थांबली की नळही बंद करा. जुन्या इमारतींत गेट व्हॉल्व्ह गंजून पूर्ण बसत नाही. तिथे नळाच्या टोकाला प्लग लावून घ्यावा. पोटमाळ्यावरची टाकी रिकामी करा.

मेन स्विच पाडा. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून टोपी लावा, पाइप गॅसचा मीटरजवळचा व्हॉल्व्ह पाइपला आडवा करून बंद करा. गच्चीवरची फ्लॅटची लाइन बंद करायला सोसायटीच्या प्लंबरला सांगताना जपून: तोच पाइप खालच्या चार घरांनाही जात असतो.

खालच्या मजल्यावरचे लोक म्हणतात, तुमच्या बंद फ्लॅटमधूनच गळते आहे. कसे ठरवायचे?

बंद फ्लॅटमध्ये हे ठरवणे राहत्या घरापेक्षा सोपे असते, कारण वापराचे पाणी नसतेच. आतले व्हॉल्व्ह खरोखर बंद आहेत का ते बघा आणि अठ्ठेचाळीस तास थांबा. गळती थांबली तर दोष फ्लॅटच्या आतल्या दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या, लाइनीत. थांबली नाही, आणि वरच्या मजल्यांवर पाणी वापरले जाते त्या वेळी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ, ती वाढते, तर सामाईक उभा ड्रेनेज पाइप तपासा. पाऊस पडल्यावरच वाढते तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा वरचा मजला असेल तर गच्ची.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) बाहेरचे आणि सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन, गच्ची आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती सोसायटीच्या खर्चाची. फ्लॅटच्या आतल्या न्हाणीघरातली, सिंकची गळती त्या फ्लॅटची. महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या फ्लॅटच्या नावावर सामाईक पाइपची गळती खपवली जाण्याचे प्रकार होतात. तिथे तुमची फेऱ्यांची नोंद आणि बंद व्हॉल्व्हचा तारखेसह फोटो वाद मिटवतो.

शंका न्हाणीघराच्या जमिनीवरच असेल तर ट्रॅपचे तोंड रबरी प्लगने बंद करून इंच-दीड इंच पाणी चोवीस तास उभे ठेवतात. पाण्यात रंग टाकला तर खाली उतरणारे पाणी ओळखता येते. ही चाचणी बँकेच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. बंद फ्लॅटमध्ये मुद्दाम पाणी भरणारा एजंट पुढे काहीही सिद्ध करू शकत नाही.

रात्री अकरा वाजता धार लागली आहे आणि बँकेचा अधिकारी फोन उचलत नाही. मी आत जाऊ का?

चावी अधिकृतपणे तुमच्याकडे असेल तर जा. करार कायद्याचे कलम १८९ यासाठीच आहे: अडचणीच्या वेळी मालकाचे नुकसान टाळण्यासाठी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या बाबतीत जे करील ते करण्याचा अधिकार एजंटला असतो. सेक्रेटरी किंवा कमिटीचा एक सदस्य आणि वॉचमन यांना सोबत घ्या, दार उघडल्यापासून बंद करेपर्यंत व्हिडिओ काढा, पाणी बंद करा, बाहेर या, आणि त्याच रात्री प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करा. गळणारा पाइप बदला, पण संपूर्ण न्हाणीघराच्या वॉटरप्रूफिंगचे काम सुरू करू नका. तातडीचे काम धार थांबेपर्यंतच.

चावी नसेल, किंवा दाराला कोर्ट कमिशनरचे सील असेल, तर कुलूप किंवा सील तोडू नका. सोसायटीला गच्चीवरून ती लाइन बंद करायला सांगा. खालच्या घरांचे पाणी रात्रभर जाईल, लोक बोलतील, पण ते परवडते.

प्लंबरचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात?

कायद्याने शेवटी कर्जदाराच्या. सरफेसीच्या कलम १३(७) प्रमाणे बँकेने योग्य रीतीने केलेला खर्च विक्रीच्या रकमेतून आधी वळता होतो. "योग्य रीतीने" हे शब्द महत्त्वाचे: कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात प्रत्येक बिलावर बोट ठेवू शकतो, म्हणून बँक बिलाशिवाय एक रुपयाही सोडत नाही. कामाआधीचा फोटो, नंतरचा फोटो, कामाचे वर्णन असलेले बिल आणि मंजुरीचा ईमेल एकत्र पाठवा. तोंडी ठरवून रोखीने दिलेले प्लंबरचे पैसे बुडीत समजा.

प्लंबरला काम सांगताना बँकेचे नाव घ्या, बिलही बँकेच्या नावाने मागा. करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे मालकाच्या वतीने केलेल्या करारात एजंट व्यक्तिशः बांधला जात नाही, पण मालक कोण हे उघड केलेच नसेल तर उलट धरले जाते. नुसते "५०२ मध्ये ये रे" म्हटलेत तर तो पैसे तुमच्याकडेच मागणार, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

सोसायटी म्हणते, आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा, मगच फ्लॅट दाखवा. हे चालते का?

थकबाकी एजंटकडून मागण्याला आधार नाही. बँकही सोसायटीची सभासद झालेली नसते. बिल कर्जदाराच्याच नावाने चढत राहते, आणि व्याज उपविधींप्रमाणे सरळ पद्धतीने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत. "जे आहे जेथे आहे" तत्त्वावरच्या लिलावात (मालमत्ता आहे त्या स्थितीत घ्यायची) हा आकडा बहुधा खरेदीदाराच्या गळ्यात पडतो आणि सभासदत्व देताना सोसायटी तो मागते.

म्हणून भांडण्यापेक्षा सोसायटीकडून प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे एक पत्र घ्या: मुद्दल इतके, व्याज इतके, अमुक तारखेपर्यंत, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी बाकी असेल तर ती वेगळी. ज्ञात बोजे (मालमत्तेवरची देणी) विक्री सूचनेत सांगणे नियम ८ प्रमाणे बँकेचे कर्तव्य आहे. पत्र फाइलला लागले की आकडा सूचनेत येण्याची शक्यता वाढते, बोली लावणारा तो धरूनच बोली लावतो आणि सोसायटीचे पैसे वसूल होतात. सेक्रेटरींना हा हिशेब समजावला की गेट उघडते. गिऱ्हाईक अडवून सोसायटी स्वतःचीच वसुली लांबवत असते.

बंद फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावता येतो का?

नाही. हा चार्ज फ्लॅट भाड्याने दिला असेल तरच लागतो, तोही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. कुलूपबंद फ्लॅटला लावला असेल तर लेखी हरकत घ्यायला बँकेला सांगा.

विजेचे जुने बिल आणि मालमत्ता कर?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे आधीच्या ग्राहकाची थकबाकी त्या जागेवरचा बोजा धरली जाते, पण वारस सोडून इतर नव्या मालकाकडून ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलाइतकीच घेता येते. खरेदीदाराला हे आधी सांगा. वीज कंपनीच्या काउंटरवर संपूर्ण रक्कम मागितली गेली तर हा नियम दाखवता येतो. लिलावात मालमत्ता घेणाऱ्याकडून अशी जुनी थकबाकी नियमांच्या आधारे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात मान्य केले आहे, तेव्हा "मी तर बँकेकडून घेतला" हा बचाव पुरत नाही.

मालमत्ता कर हा मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम २१२ प्रमाणे जागेवरचा पहिला बोजा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून माफी आहे, त्यामुळे लहान फ्लॅटमध्ये हा प्रश्न बहुधा जुन्या वर्षांपुरताच उरतो. अनेक सोसायट्यांत कराचे बिल एकत्र येते आणि मेंटेनन्समधून वसूल होते. तोच आकडा दोनदा मोजू नका.

पालिकेची नोटीस वॉचमनने माझ्या हातात दिली. घेऊ का?

घ्या, पण पोचपावतीवर "बँकेच्या वतीने, केवळ पोचविण्यासाठी" असे लिहा आणि त्याच दिवशी स्कॅन करून प्राधिकृत अधिकाऱ्याला पाठवा. डास, घाण, गळती यांच्या नोटिसा "मालक किंवा भोगवटादार" यांच्या नावे निघतात आणि मुदत थोड्या दिवसांची असते. तुमच्या ड्रॉवरमध्ये दहा दिवस पडून राहिलेली नोटीस ही तुमचीच हयगय ठरते, मूळ दोष कोणाचाही असो. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खालच्या संरचनात्मक तपासणीसाठी अभियंत्याला फ्लॅटच्या आत जावे लागते, तेव्हा तारीख ठरवून दार उघडून द्या. अग्निसुरक्षेच्या सहामाही तपासणीसाठीही तेच. सोसायटीला जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो.

घरात कर्जदाराचे सामान तसेच आहे. काय करायचे?

हात लावायचा नाही. गहाण असते ते घर. कपाट, देवघर, मुलांची पुस्तके, दागिन्यांचा डबा हे गहाण नसते. पंचनाम्याला सामानाची यादी जोडलेली असावी, आणि कर्जदाराला सामान नेण्याची लेखी नोटीस बँकेने द्यावी. सामान नेताना बँकेचा माणूस हजर हवा आणि यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात.

इथे एजंटला धोका दिवाणीपुरता उरत नाही. विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार दलाल किंवा एजंटने केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) मध्ये जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि त्या कलमात "दलाल" हा शब्द नावानिशी आहे. गिऱ्हाइकाला घर दाखवताना त्याला एकट्याला आतल्या खोलीत सोडू नका.

बाहेरचा एसी किंवा खिडकीचे ग्रिल खाली पडून कोणाला लागले तर?

एसीच्या बाहेरच्या युनिटचे लोखंडी ब्रॅकेट समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजतात. गंज दिसला, तुम्ही बँकेला लेखी कळवले आणि बँकेने काही केले नाही, तर बोट बँकेकडे. दिसला आणि तुम्ही गप्प बसलात, तर निष्काळजीपणाच्या तपासात तुमचेही नाव येऊ शकते. देखरेखीचे काम तुमच्या नावावर असेल तर नक्कीच. प्रत्येक फेरीत खिडकीतून बाहेर वाकून न बघता खालून मोबाइलचा झूम लावून ब्रॅकेटचे फोटो घ्या. सैल वाटले तर युनिट उतरवण्याची मंजुरी त्याच दिवशी मागा. ग्रिलवरच्या कुंड्या मात्र मंजुरीची वाट न बघता आत घ्या.

राखणीला एखादा माणूस ठेवला तर?

बँकेला परवानाधारक सुरक्षा एजन्सी नेमायला सांगा. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. गावाकडून आलेला नातेवाईक "राखणीला" फ्लॅटमध्ये झोपवणे हा प्रकार बंद करा. तो आजारी पडला, त्याने गॅस सुरू ठेवला किंवा पुढे निघायलाच नकार दिला, तर सगळे तुमच्या अंगावर येते. शूटिंगला देणे, शेजारच्या दुकानाचा माल ठेवू देणे, दुरुस्तीवाल्या कामगारांना रात्र काढू देणे, यांनाही हेच लागू.

ओलीचे डाग रंगवून फ्लॅट दाखवला तर भाव बरा येतो. यात काय गैर?

डागाचे मूळ दुरुस्त करून रंगवले तर काहीच नाही. मूळ तसेच ठेवून डाग झाकणे हे करार कायद्याच्या कलम १७ मधले "माहीत असलेली गोष्ट क्रियाशीलपणे लपवणे", म्हणजे फसवणूक. "जे आहे जसे आहे" हे वाक्य दिसणाऱ्या आणि तपासता येणाऱ्या दोषांपुरते बँकेला तारते. मुद्दाम लपवलेल्या दोषासाठी एजंटला तारत नाही. गिऱ्हाइकाने विचारले तर गळतीचा इतिहास सांगा, सांगितल्याचा मेसेजही ठेवा.

या कामाला महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते का?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीला लागू होते. जुन्या, कधीच पूर्ण झालेल्या सोसायटीतला जप्त फ्लॅट त्यात येत नाही. पण जप्त केलेले घर चालू प्रकल्पातले असेल तर नोंदणी हवीच. विनानोंदणी व्यवहार केल्यास कलम ६२ प्रमाणे रोज दहा हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

विमा बँकेने काढला आहे. मग मला काळजी कशाला?

पॉलिसी मागून वाचा. स्टँडर्ड फायर पॉलिसीत इमारत तीस दिवसांहून अधिक रिकामी राहिली की संरक्षण थांबते, विमा कंपनीकडून आधी तशी नोंद करून घेतली नसेल तर. जप्त फ्लॅट रिकामाच असतो, आणि ही नोंद करून घ्यायचे नेमके विसरले जाते. शिवाय ती पॉलिसी बँकेच्या नुकसानीची. शेजाऱ्याने तुमच्यावर केलेल्या दाव्याची नाही.

कर्जदार कुलूप तोडून परत राहायला आला आहे.

त्याच्याशी बोलू नका, दार ठोठावू नका. फोटो, वेळ, वॉचमनचे म्हणणे हे सगळे प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवा. पोलीस तक्रार बँकेने करायची. लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंत थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क सरफेसीच्या कलम १३(८) प्रमाणे त्याला असतो, आणि विक्री होईपर्यंत मालकी त्याचीच. घराची हेळसांड होऊन किंमत पडली तर तो न्यायाधिकरणात तक्रार करू शकतो. तुमच्या फेऱ्यांचे अहवाल त्या वेळी बँक मागवणार आहे, असे धरूनच ते लिहीत चला.

दलाली मिळेपर्यंत चावी अडवून ठेवता येते का?

करार कायद्याच्या कलम २२१ मध्ये कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत मालकाची वस्तू किंवा कागद राखून ठेवण्याचा हक्क एजंटला आहे, विरुद्ध करार नसेल तर. कागदावर हे बरे दिसते. प्रत्यक्षात चावी अडवलीत की ताबा तुमच्याकडेच असल्याचे तुम्ही स्वतः लेखी कबूल केले, आणि त्या काळातल्या प्रत्येक गळतीचे धनी झालात. बिल पाठवा, पाठपुरावा करा, चावी देऊन टाका. लिलावात बरेचदा बँक दलाली देतच नाही, ती खरेदीदाराकडून ठरवलेली असते. मग अडवणूक कोणाची करणार?

लिलाव झाला. माझे काम कधी संपते?

हातोडा पडला त्या दिवशी नाही. यशस्वी बोलीदार त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरतो, उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, आणि लेखी मुदतवाढ मिळाली तर तीन महिन्यांपर्यंत. त्यानंतर विक्री प्रमाणपत्र, त्यानंतर ताबा. हा काळ सगळ्यात निसरडा असतो: बँकेला वाटते घर विकले, खरेदीदाराला वाटते अजून आपले नाही, आणि चावी तुमच्याकडे. फेऱ्या चालू ठेवा.

ताबा देताना पुन्हा तेच फोटो, त्याच कोपऱ्यांतून. मीटरचे आकडे लिहा, बंद व्हॉल्व्ह कुठे आहेत ते खरेदीदाराला दाखवा. चाव्या मोजून बँकेच्या अधिकाऱ्याकडे द्या आणि पावती घ्या. परस्पर खरेदीदाराला देऊ नका, दोघे समोरासमोर उभे असले तरी. सोसायटीच्या ऑफिसात एक ओळीचे पत्र द्या की आजपासून या फ्लॅटबाबत तुमच्याशी संपर्क करू नये, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर लिहिलेला तुमचा नंबर खोडून घ्या.